नागीण, नागफणी आणि पहारा चुकवणारे विषाणू

लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीच्या रस्त्यानं पुढे गेलं की कुरवंडे गाव लागतं. गावापलीकडे सह्याद्री एकदम तुटतो आणि कड्यावर फणा काढलेल्या नागासारखा सुळका उभा दिसतो. हीच नागफणी. ट्रेकला येणारी मंडळी त्याला ड्यूक्स नोज म्हणतात. इथूनच कुरवंडे घाटाची जुनी वाट खाली कोकणात उतरते.

१६६१ सालच्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन याच वाटेनं कोकणाकडे निघाला. घाट उतरून फौज उंबरखिंडीच्या दाट रानात शिरली आणि पुढे काय झालं ते तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. शिवाजी महाराजांनी आधीच वाटा अडवून ठेवल्या होत्या. खानाला सगळं सामान टाकून, शरण येऊन परत फिरावं लागलं. या विजयामागे तीन गोष्टी होत्या. हेर जागे होते, त्यांचा निरोप वेळेवर पोहोचला, आणि वार करणारे मावळे योग्य जागी दबा धरून बसले होते. या तिन्हींपैकी एक जरी चुकली असती, तरी खान घाट उतरून निघून गेला असता.

आरोग्याच्या लेखात हा इतिहास कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण सोपं आहे. तुमच्या शरीराची पहिली संरक्षणफळीही याच तीन गोष्टींवर चालते: हेर, निरोप आणि वार. आणि विषाणूंचं एक घराणं असं आहे, की त्यानं या तिन्हींवर तोड शोधून काढली आहे. ते म्हणजे हर्पिस घराणं.

नावातच साप

'हर्पिस' हा शब्द ऐकला की अनेक जण दचकतात. हा फक्त लैंगिक संबंधातून होणारा आजार, असा समज आहे. तो अर्धवट आहे. माणसाला जडणारे हर्पिस विषाणू आठ आहेत (सहाव्याचे दोन प्रकार वेगळे मोजले तर नऊ), आणि त्यांतले काही बहुधा तुमच्याही अंगात आहेत. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील, तर कांजिण्यांचा विषाणू तुमच्या मज्जातंतूंच्या गाठींत आजही झोपलेला आहे. तापानंतर ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो, ज्याला कुणी 'जर उठला' म्हणतात, तो हर्पिस सिम्प्लेक्स. सायटोमेगॅलो विषाणू तर भारतातल्या बहुतेक प्रौढांना कधी ना कधी होऊन गेलेला असतो, आणि त्यांना पत्ताही नसतो.

नावाची गंमत पाहा. ग्रीक भाषेत 'हर्पिन' म्हणजे सरपटणं. संस्कृतातला 'सर्प' आणि हा शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. अंगावर सरपटत पसरणाऱ्या पुरळाला ग्रीकांनी हर्पिस म्हटलं आणि आपण नागीण म्हटलं. दोन्हीकडे लोकांना दिसला तो सापच.

या नावानं आपलं एक नुकसानही केलं. 'नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं, विळखा पूर्ण झाला, की माणूस दगावतो' ही भीती आजही मावळातल्या वाड्यावस्त्यांवर आणि पुण्यातल्या सोसायट्यांमध्येही ऐकू येते. मग कुणी गेरू लावतं, कुणी मंत्र घालायला नेतं, आणि औषधाचे पहिले मोलाचे दिवस निघून जातात. खरं तर नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते. असा पट्टा शरीराच्या एका बाजूपुरता असतो, मध्यरेषेपाशी संपतो. म्हणून विळखा सहसा पूर्ण होतच नाही.

झोपलेला विषाणू कसा सापडला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरीतले बालरोगतज्ज्ञ यानोश फॉन बोकाय यांच्या एक गोष्ट लक्षात आली. घरात मोठ्या माणसाला नागीण झाली, की काही दिवसांनी मुलांना कांजिण्या येतात. दोन्ही आजारांचं मूळ एकच असावं, अशी शंका त्यांनी मांडली. १९५०च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांतले विषाणू प्रयोगशाळेत वाढवले आणि ते एकच असल्याचं दाखवलं.

मग मोठ्या माणसाच्या अंगात हा विषाणू इतक्या वर्षांनी येतो कुठून? याचं उत्तर मोठ्या प्रयोगशाळेतून आलं नाही. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या छोट्या गावातले साधे जनरल प्रॅक्टिशनर एडगर होप-सिम्पसन आपल्या रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं नीट ठेवत होते. १९६५ साली त्यांनी मांडलं, की विषाणू बाहेरून परत येत नाही. तो लहानपणापासून मज्जातंतूंच्या गाठींत दडून असतो, आणि शरीराचा पहारा ढिला पडला की मज्जातंतूच्या वाटेनं कातडीपर्यंत उतरतो. १९७१ साली जॅक स्टीव्हन्स आणि मार्जरी कुक यांनी उंदरांच्या मज्जागाठींत झोपलेला हर्पिस सिम्प्लेक्स प्रत्यक्ष दाखवला.

दडून बसणं ही या घराण्याची सगळ्यात मोठी युक्ती. झोपेत असताना विषाणू जवळजवळ कुठलंच प्रथिन बनवत नाही. हालचालच नाही, तर हेराला दिसणार काय? पण दडायच्या जागेपर्यंत पोहोचेतोवर, आणि पुन्हा बाहेर पडताना, त्याला पहारा ओलांडावाच लागतो. तो पहारा म्हणजे तुमची उपजत प्रतिकारशक्ती. लस किंवा आधीचा आजार यांतून शिकलेली प्रतिकारशक्ती कामाला लागायला पहिल्या वेळी काही दिवस घेते. उपजत प्रतिकारशक्ती मात्र काही मिनिटांत, काही तासांत उभी राहते. तोवर खिंड तिनंच लढवायची असते.

पहिली चाल: हेरांचे डोळे बांधणं

पेशीतला डीएनए केंद्रकात असतो. केंद्रकाबाहेरच्या भागात डीएनए दिसला, तर कुणीतरी आत घुसलंय हे पेशीला कळतं. हे ओळखणारा एक महत्त्वाचा हेर अमेरिकेतल्या डॅलस इथं जेम्स चेन यांच्या गटानं २०१३च्या सुमारास शोधला. त्याचं नाव सीगॅस. हर्पिस विषाणूंचा सगळा वारसा डीएनएमध्येच लिहिलेला असतो, म्हणजे सीगॅसनं त्यांना पकडायलाच हवं.

पण विषाणू आपला डीएनए एका कडक कवचात बंद करून थेट केंद्रकाच्या दारापर्यंत नेतो आणि तिथंच आत सोडतो. बुरख्याआडून दरवाजा ओलांडल्यासारखं. त्यातूनही थोडा डीएनए सांडलाच, तर सोय आहे. कवचाभोवती विषाणू काही प्रथिनं सोबत बांधून आणतो. त्यांतलं यूएल३७ नावाचं प्रथिन सीगॅसच्या रेणूतच किरकोळ बदल करून त्याला निकामी करतं. हे २०१८ साली उघडकीला आलं. विषाणू पेशीत शिरतो तेव्हा हे हत्यार त्याच्या कमरेला तयार असतं, नव्यानं बनवावं लागत नाही.

दुसरी चाल: निरोप अडवणं

१९५७ साली लंडनच्या मिल हिलमधल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी एक साधा प्रयोग केला. कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याच्या तुकड्यांवर त्यांनी उष्णतेनं निष्क्रिय केलेला फ्लूचा विषाणू सोडला. नंतर भोवतालचा द्रव काढून दुसऱ्या, ताज्या तुकड्यांना दिला. त्या ताज्या तुकड्यांवर जिवंत विषाणूचाही जोर चालेना. पहिल्या पेशींनी काहीतरी बाहेर टाकून शेजाऱ्यांना सावध केलं होतं. विषाणूच्या कामात अडथळा आणणारं म्हणून त्याला नाव मिळालं इंटरफेरॉन.

इंटरफेरॉन म्हणजे दवंडी. ती ऐकली की शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. विषाणू आत आलाच, तर प्रथिनं बनवण्याचा आपला कारखानाच बंद करतात. विषाणूला स्वतःचा कारखाना नसतो, त्यामुळे पेशीनं काम थांबवलं की तोही अडकतो. पेशीचा हा टोकाचा उपाय आहे: घरातली चूल विझवायची, पण चोराला शिजवून घालायचं नाही.

हर्पिस सिम्प्लेक्सनं यावरही उतारा काढला आहे. शिकागोतले बर्नार्ड रॉइझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की या विषाणूचं एक जनुक पेशीतलंच एक विकर हाताशी धरतं आणि बंद पडलेला कारखाना पुन्हा चालू करून घेतं. हे जनुक काढून टाकलेला विषाणू प्रयोगातल्या उंदरांच्या मेंदूत जवळजवळ वाढूच शकला नाही.

या शोधाला पुढे वेगळंच वळण लागलं. कर्करोगाच्या अनेक पेशींमध्ये इंटरफेरॉनची यंत्रणा आधीच बिघडलेली असते. म्हणजे हे जनुक काढलेला दुबळा विषाणू निरोगी पेशीत अडकतो, पण कर्करोगाच्या पेशीत वाढतो आणि तिला फोडतो. याच तत्त्वावर तयार केलेल्या हर्पिस विषाणूला २०१५ साली अमेरिकेत त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. चोराची युक्ती नीट समजली, तेव्हा त्यालाच कामाला लावता आलं.

निरोप वेळेवर पोहोचणं किती मोलाचं आहे, हे काही मुलांच्या आजारातून कळलं. हर्पिस सिम्प्लेक्स बहुतेकांना ओठावरच्या फोडापलीकडे त्रास देत नाही. क्वचित एखाद्या धडधाकट मुलाच्या मेंदूतच तो शिरतो आणि मेंदूज्वर होतो. असं का, याचा शोध पॅरिसमध्ये जाँ-लॉराँ कॅसानोव्हा यांचा गट घेत होता. २००६ आणि २००७ साली त्यांना अशा काही मुलांच्या जनुकांत एकेक बारीक दोष सापडला. विषाणूची चाहूल घेणाऱ्या टीएलआर३ नावाच्या हेराची साखळी त्यांच्यात तुटलेली होती. बाकी संसर्गांशी ही मुलं व्यवस्थित लढत होती. फक्त मेंदूच्या पेशींतून इंटरफेरॉनची दवंडी वेळेवर निघत नव्हती. एक कडी निसटली आणि ओठावर थांबणारा विषाणू मेंदूपर्यंत गेला. उपजत पहारा रोज आपल्यासाठी काय करतो, ते तो नसला की दिसतं.

तिसरी चाल: आपल्याच माणसाचा वेश

वार करणाऱ्यांत दोन महत्त्वाचे. एक रक्तातला, दुसरा पेशींतला.

रक्तात तीसहून अधिक प्रथिनांची एक साखळी फिरत असते. तिला कॉम्प्लिमेंट म्हणतात, म्हणजे पूरक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेल्जियमचे ज्यूल बोर्दे यांनी तिचं काम उलगडलं. पुढे १९१९ सालचं नोबेल त्यांना मिळालं. नाव मात्र पॉल एर्लिख यांनी दिलं. या साखळीतलं सी३ प्रथिन फुटलं, की त्याचा सी३बी हा तुकडा परक्या पृष्ठभागावर घट्ट चिकटतो. जणू चोराच्या पाठीवर चुन्याचा पंजा. मग बाकीची प्रथिनं तिथं जमतात, भोकं पाडतात, भक्षक पेशींना बोलावतात. आपल्या स्वतःच्या पेशींवर चुकून हा पंजा उमटू नये, म्हणून त्यांच्याकडे तो पुसणारी खास प्रथिनं असतात. ती म्हणजे घरच्या माणसांचं ओळखपत्र.

१९८४ साली अमेरिकेतल्या हार्वे फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हर्पिस सिम्प्लेक्सच्या अंगावरचं जीसी नावाचं प्रथिन सी३बीला धरून ठेवतं आणि पुढची साखळी रोखतं.

याहून धाडसी चोरी उलगडण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. त्वचेवर जांभळट गाठी आणणाऱ्या एका कर्करोगाचं वर्णन व्हिएन्नात मोरित्झ कपोसी यांनी १८७२ साली केलं होतं. एड्सच्या साथीत हा कर्करोग तरुण रुग्णांत दिसू लागला. १९९४ साली युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी त्यामागचा विषाणू शोधला. तो हर्पिस घराण्यातला आठवा. भारतात हा कर्करोग क्वचितच आढळतो, पण त्याच्या विषाणूचा एक डाव गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात तपासला गेला. तिथं अरविंद साहू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाणूचं एक प्रथिन बनवून पाहिलं. त्याची रचना माणसाच्या त्या 'ओळखपत्र' प्रथिनांसारखी होती. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलं, की ती फक्त नक्कल नाही. हे प्रथिन खरोखर काम करतं. कॉम्प्लिमेंटची साखळी पुढे नेणारं विकर ते मोडून टाकतं आणि चिकटलेला सी३बी निकामी करायला मदत करतं. या प्रथिनाला त्यांनी नाव दिलं कपोसिका. पुढे याच गटानं माकडांच्या एका हर्पिस विषाणूतल्या अशाच प्रथिनावरही काम केलं.

माणसाच्या प्रथिनासारखं प्रथिन विषाणूकडे आलं कुठून? उत्क्रांतीच्या लांबच्या प्रवासात या विषाणूंच्या पूर्वजांनी आपल्या पूर्वजांची जनुकं उचलून स्वतःकडे ठेवून घेतली. हे घराणं लाखो वर्षं आपल्यासोबत आहे. इतक्या जुन्या शेजाऱ्याला घराच्या किल्ल्या कुठे असतात ते ठाऊक असतंच.

दुसरे वार करणारे म्हणजे नॅचरल किलर पेशी. प्रत्येक निरोगी पेशी आपल्या अंगावर एक खूण मिरवते. ती खूण नाहीशी झाली, की किलर पेशी तिला मारतात. हा विचार स्वीडनमधल्या क्लास कॅरे यांनी १९८०च्या दशकात मांडला. सायटोमेगॅलो विषाणूची इथे कोंडी होते. शिकलेल्या प्रतिकारशक्तीपासून लपायला तो पेशीवरच्या खुणा उतरवतो, पण खुणा उतरवल्या की किलर पेशी धावून येतात. म्हणून तो खऱ्या खुणेसारखी दिसणारी खोटी खूण वर लावतो आणि मदतीसाठी हाक मारणारे रेणू पेशीच्या आतच अडवून ठेवतो.

मग आपण हरलोच का?

नाही. हे विषाणू पहारा चुकवतात, तो उडवून लावत नाहीत. म्हणून तर ते बहुतेक आयुष्य गुपचूप दडून काढतात. पहारा चालू असेतोवर तुम्हाला त्यांची जाणीवही होत नाही. अडचण येते ती पहारा ढिला पडल्यावर: वय वाढलं, मधुमेह आटोक्याबाहेर गेला, कर्करोगाची औषधं चालू झाली, अवयव बदलला, स्टेरॉईड फार दिवस घेतली, किंवा एचआयव्हीवर उपचार झाले नाहीत.

आणि आपल्याकडेही एक नामी शस्त्र आहे. गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेलं असायक्लोव्हिर. हे औषध पेशीत शिरतं तेव्हा झोपलेलं असतं. त्याला जागं करतं ते विषाणूचंच एक विकर. म्हणजे विषाणू जिथं वाढतोय, तिथंच औषध चालू होतं. निरोगी पेशींना त्याची झळ फारशी लागत नाही. एलियन यांना १९८८ सालचं नोबेल पारितोषिक वाटून मिळालं. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. वाढणाऱ्या विषाणूवरच हे औषध चालतं. मज्जागाठीत झोपलेल्यावर नाही. म्हणून 'हर्पिस मुळापासून काढतो' असं कुणी सांगितलं, तर खिसा सांभाळा. 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' काढ्यांनी आणि गोळ्यांनी हा पहारा तरुण होतो, याला पुरावा नाही.

तुमच्यासाठी कामाचं

अंगाच्या एकाच बाजूला आग, ठणका, आणि दोन-तीन दिवसांत पाणीदार फोडांचा पट्टा दिसला, तर गेरू आणि मंत्र बाजूला ठेवा. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं, तर आजार लवकर आटोक्यात येतो आणि ठणकाही लवकर कमी होतो. वय जास्त असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा नवे फोड अजून उठत असतील, तर उशीर झाला तरी डॉक्टरांकडे जाच. काही जणांत, विशेषतः वयस्कर माणसांत, फोड सुकल्यावरही महिनोनमहिने वेदना राहतात. त्यांनाही औषधं आहेत, सहन करत बसू नका.

कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दृष्टी जाऊ शकते. कानात फोड आणि चेहऱ्याची एक बाजू वाकडी, हेही तातडीचं.

ताप, डोकेदुखी यांसोबत माणूस असंबद्ध बोलू लागला, वागणं बदललं किंवा झटका आला, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. हर्पिसच्या मेंदूज्वरात तपासणीचा अहवाल येण्याची वाट न पाहता शिरेतून औषध सुरू करतात, कारण तिथं तास मोजावे लागतात.

ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नका, कुणाला घेऊही देऊ नका. नवजात बाळाचा पहारा अजून कच्चा असतो. आजी-आजोबांना हे सांगायला अवघड वाटतं, पण सांगा.

नागिणीच्या रुग्णाला घरात वाळीत टाकू नका. नागिणीपासून नागीण लागत नाही. फोडांतल्या द्रवातून कांजिण्या न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात. फोड सुकेपर्यंत ते झाकून ठेवा, आणि गरोदर स्त्रिया व तान्ही बाळं यांच्यापासून जपा.

तुम्ही पन्नाशी ओलांडली असेल, तर नागिणीवरच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. २०२३पासून ती भारतातही मिळते. दोन डोस असतात, सहसा दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. किंमत बरीच आहे, म्हणून स्वतःचं वय, इतर आजार आणि खिसा पाहून, चर्चा करून ठरवा. वय वाढल्यावर थकलेल्या पहारेकऱ्यांना विषाणूची ओळख पुन्हा करून द्यायची, एवढंच तिचं काम. पण तेवढ्यानंही बहुतेक वेळा त्याला खाली उतरायची वाट बंद होते.